पस्तिशी आली, तरी पत्ता आईवडिलांचाच

पत्राचा सारांश

पत्र लिहिणाऱ्या वाचक ३४ वर्षांच्या आहेत. चार महिन्यांनी ३५ पूर्ण होतील. नोकरी पक्की आहे. लग्न केलेलं नाही आणि सध्या करायचंही नाही. आई ६५ वर्षांची, वडील ७० चे. मोठा भाऊ दहा वर्षांपूर्वीच वेगळा झाला. तो बायको-मुलासह दुसऱ्या शहरात राहतो. घर वडिलांच्या नावावर आहे. किराणा आणि वडिलांची औषधं वाचकांच्या पगारातून येतात, बाकीचं वडील बघतात. घरात भांडणं नाहीत. पण आई न विचारता खोलीत येते, रात्री उशीर झाला की जागी राहते, आणि वेगळं राहण्याचा विषय काढला की म्हणते, "लग्न झालं की जाशीलच ना, मग आत्ताच कशाला?" आता ऑफिसातून दुसऱ्या शहरात दोन वर्षांच्या बदलीची संधी आली आहे, दोन महिन्यांत उत्तर द्यायचं आहे. बदली घेतली की वेगळं राहण्याचं कारण कोणाला द्यावंच लागणार नाही, असं त्यांच्या मनात आहे. त्यातच प्रौढ माणसं कोणत्या वयात कोणासोबत राहतात, हे दाखवणारा अमेरिकेच्या जनगणना विभागाचा एक तक्ता त्यांच्या पाहण्यात आला. त्या लिहितात, "२५ ते ३४ च्या रकान्यात निदान माझ्यासारखे काही लोक तरी आहेत. पुढच्या रकान्यात ते एकदम विरळ होतात. वयाच्या हिशोबानं मी आता कुठे असायला हवं होतं?"

उत्तर

आधी त्या तक्त्याबद्दलच बोलू या, कारण तुमच्या पत्रात बदलीपेक्षा, आईपेक्षा जास्त बोचलेली गोष्ट तीच दिसते.

त्या तक्त्यातले वयोगट पुन्हा एकदा बघा. १८ ते २४, २५ ते ३४, मग थेट ३५ ते ६४, त्यानंतर ६५ ते ७४ आणि ७५ च्या पुढे. म्हणजे चार महिन्यांनी तुम्ही ज्या रकान्यात जाणार आहात, त्यात तुमची आई अगदी कालपरवापर्यंत होती. तीस वर्षांचं आयुष्य एका चौकटीत बसवलंय, ते मोजणाऱ्यांच्या सोयीसाठी. ३५ व्या वाढदिवसाला तुमच्या घरात काहीही बदलणार नाही, फक्त त्या कागदावर तुम्ही एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाल.

२५ ते ३४ वयातली साधारण सहापैकी एक व्यक्ती तिथे आईवडिलांच्या घरी राहते, आणि पस्तिशीनंतर हे प्रमाण उतरतं, हे खरंच आहे. पण ती मोजणी कशी होते, ते कळलं तर तुमची बोच थोडी कमी होईल. एक म्हणजे, वसतिगृहात राहणारी कॉलेजची मुलं त्या पाहणीत आईवडिलांच्या घरीच राहतात असं धरलं जातं, म्हणून विशीच्या आतबाहेरचा आकडा इतका फुगलेला दिसतो. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. घर ज्याच्या नावावर, भाड्याचं असो की मालकीचं, ती व्यक्ती त्या मोजणीत मुख्य धरतात, आणि बाकी सगळ्यांचं नातं तिच्यापासून मोजतात. 'आईवडिलांच्या घरी राहणारे' म्हणजे या मुख्य व्यक्तीची मुलं. आता समजा, उद्या वडिलांनी घर तुमच्या नावावर केलं. तीच माणसं, त्याच खोल्या, आई तशीच न विचारता आत येणारी. पण तक्त्यात तुम्ही 'आईवडिलांकडे राहणारी मुलगी' राहणार नाही. तुम्ही मुख्य व्यक्ती व्हाल, आणि आईवडील तुमच्याकडे राहणारे नातेवाईक ठरतील. एक खुर्चीसुद्धा जागची हललेली नसताना तुमचं वय एकदम 'योग्य जागी' बसेल.

या मुख्य व्यक्तीला तिथे पूर्वी 'कुटुंबप्रमुख' म्हणत, आणि नवरा-बायको एकत्र असले की प्रमुख नवराच, असं गृहीत असे. १९८० च्या जनगणनेत तो शब्द काढून टाकला. घरात कोण कोणाच्या हाताखाली आहे, हे एका शब्दातून ठरून जाऊ नये, अशी त्यामागची मागणी होती. हे एवढं लांबण लावून सांगतेय, कारण मला वाटतं तुमच्याही घरात अडलंय ते याच ठिकाणी. तुम्ही कुठे राहता यापेक्षा त्या घरात तुमचं नातं कोणापासून मोजलं जातं, हा खरा प्रश्न आहे. चौतीस वर्षं ते आईबाबांपासून मोजलं गेलंय. तुम्ही तिथे 'मुलगी' आहात. किराणा भरणारी मुलगी, औषधं आणणारी मुलगी, पण मुलगीच.

आणि 'वयाच्या हिशोबानं' हा शब्द तुम्ही कुठून उचललात? आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हा हिशोब असतो, पण तो कोणत्या काळाचा, कोणत्या जागेचा, हे आपण तपासत नाही. युरोपातच बघा. २०२२ च्या आकडेवारीत फिनलंडमधली मुलं सरासरी २१.३ व्या वर्षी घराबाहेर पडत होती आणि क्रोएशियातली ३३.४ व्या वर्षी. एकाच खंडात बारा वर्षांचा फरक. क्रोएशियातली तीस वर्षांची माणसं कमी प्रौढ असतात, असं कोणी म्हणणार नाही. घरभाडं, नोकऱ्यांची शाश्वती, शिक्षणाला मिळणारी सरकारी मदत, यातून ते वय घडतं. अमेरिकेत तर एकाच देशात हा लंबक फिरलाय. १९४० साली, मंदीचे चटके ताजे असताना, १८ ते २९ वयातले जवळपास निम्मे तरुण आईवडिलांकडे होते. १९६० पर्यंत ते प्रमाण तिसाच्या खाली आलं, आणि २०२० च्या जुलैमध्ये, महासाथीच्या काळात, ५२ टक्क्यांवर गेलं. जगभर आपण ज्याला 'नॉर्मल' समजतो, ते बरंचसं त्या १९६० च्या आसपासच्या पिढीचं चित्र आहे. भरभराटीचा काळ, लवकर होणारी लग्नं, परवडणारी घरं. तो अपवाद होता आणि आपण त्याचा नियम करून टाकला.

घराबाहेर पडणं म्हणजे स्वतंत्र होणं, हेही तितकंसं खरं नाही. केंब्रिजमधले इतिहासकार पीटर लॅस्लेट यांनी जुन्या इंग्लंडमधल्या शंभर वस्त्यांच्या नोंदी तपासल्या. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत तिथे घरागणिक सरासरी पाचहून थोडी कमीच माणसं निघाली. मुलं लहान वयातच घर सोडत होती. पण जात कुठे होती? दुसऱ्याच्या घरी, चाकरीला. लग्न होईपर्यंत मालकाच्या छपराखाली, मालकाच्या शिस्तीत. स्वतःच्या आईची नजर चुकवून ती दुसऱ्याच्या बायकोच्या नजरेत जात होती.

म्हणून आधी तुमच्या घरातल्या तुमच्या जागेकडे बघू या. इथे मी थोडं कडू बोलणार आहे, राग मानू नका.

तुम्ही लिहिता, "आई अजून मला लहान समजते." दोन ओळींनंतर, बोलता बोलता, येतं की ऑफिसचा डबा आईच भरते आणि तुमचे कपडेही तिच्याच धुण्यात जातात. विजेचं बिल किती येतं, ते तुम्हाला माहीत नाही, कारण "ते बाबा बघतात." तुम्ही पैसे देता, आणि ते थोडे नाहीत. पण पैसे देणं आणि घर सांभाळणं यात फरक आहे. पैसे पगाराच्या दिवशी एकदा दिले की झालं. घर सांभाळणाऱ्याला काय संपत आलंय, नळ कधीपासून गळतोय, पुढच्या महिन्यात कोणता मोठा खर्च येणार, हे सगळं सतत डोक्यात ठेवावं लागतं. तुमच्या घरात हे डोकं अजून आईबाबांचं आहे. आणि जी व्यक्ती तुमच्या जेवणाची, कपड्यांची, बिलांची काळजी वाहते, ती तुमच्या परत येण्याच्या वेळेचीही वाहणारच. एक काळजी हवी आणि दुसरी नको, असं तिला वेगळं करता येत नाही. आईचा दोष नाही यात. तुमचाही नाही म्हणा. ही घडी तुम्ही दहा वर्षांच्या असताना बसली आणि ती मोडायला कोणाला वेळच झाला नाही.

मी स्वतः तिशीत दोन वर्षं आईकडे परत राहायला गेले होते. रात्री कितीही उशीर झाला तरी बाहेरच्या खोलीत दिवा सुरू असायचा आणि आई खुर्चीत बसलेली. मला तो पहारा वाटायचा. मी तोंड वाकडं करून आत जायचे. खूप वर्षांनी तिच्याशी बोलताना कळलं की तिला झोप येत असायची, अगदी अनावर. पण आपण झोपून गेलो आणि मुलगी अंधाऱ्या घरात शिरली, तर आपली वाट बघणारं कोणी नाही असं तिला वाटेल, म्हणून ती जागायची. दोन वर्षं आम्ही दोघी एकमेकींसाठी त्रास काढत होतो आणि एक साधं वाक्य कोणी बोललं नाही: "तू झोप गं, माझ्याकडे किल्ली आहे." हे वाक्य तुम्ही या आठवड्यात बोलून बघा. उशीर होणार असेल तर तेवढं कळवा, कारण एका छपराखाली राहणारी कोणतीही दोन माणसं एकमेकांना एवढं सांगतात. त्याला परवानगी मागणं समजू नका.

आता बदलीबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: काम आवडत असेल, पुढे वाट दिसत असेल, तर बदली जरूर घ्या. पण आईला तोंड देणं टाळायचं म्हणून घेऊ नका. कारण ते टळत नाही. बदलीची मुदत संपेल, आई विचारेल "आता येतेस ना परत?" आणि तुम्ही पुन्हा याच दारात उभ्या असाल, आणखी दोन वर्षांनी मोठ्या होऊन. शिवाय नोकरीमुळे जावं लागलं, या सबबीत एक छुपा सूर असतो, की स्वतःच्या इच्छेनं जाणं ही चूक ठरली असती. तो सूर तुम्ही स्वतःच्या कानात घालून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. तुमच्या भावाला दहा वर्षांपूर्वी कोणी कारण विचारलं होतं का?

दोन महिने हातात आहेत. ते असे वापरा. पहिला महिना घर न सोडता घरातली जागा बदला. डबा आणि कपडे स्वतःकडे घ्या. आई म्हणेल, "माझ्यानं होतंय अजून." तिला सांगा की होत नाही म्हणून घेत नाहीये, माझं आहे म्हणून घेतेय. बाबांच्या शेजारी बसून घराचा महिन्याचा सगळा खर्च एका वहीत लिहा, आणि त्यातला एक ठरलेला वाटा उचला. किराणा, औषधं असं सुटं सुटं नको. एक रक्कम, एक तारीख. एखाद-दोन बिलं पूर्णपणे तुमच्या अंगावर घ्या. खोलीच्या दाराबद्दल भांडणाच्या दिवशी बोलू नका, चांगल्या दिवशी बोला: "दार लोटलेलं असलं तर टकटक करत जा आई, मीही तुझ्या खोलीत येताना करेन." दुसरा अर्धा भाग विसरू नका, त्यानं वाक्याचा सूर बदलतो.

त्याच महिन्यात आणखी एक करा. तुम्ही जिथे राहू शकाल अशा एखाद्या लहान घराचं भाडं, वीज, प्रवास, जेवण यांचा अंदाज काढा. आत्ता घरात देता त्याहून ते जितकं जास्त, तेवढे पैसे दर महिन्याला पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका, आणि उरलेल्यात महिना काढून बघा. जमलं, तर वेगळं राहणं परवडतं हे कळेल आणि अनामत रकमेची सोयही सुरू होईल. नाही जमलं, तर ते भाडेकरारावर सही करण्याआधी कळलेलं केव्हाही चांगलं.

महिनाभर असं वागूनही बाहेर पडावंसं वाटलं, तर पडा. मी तुम्हाला थांबवणार नाही. उलट मला वाटतं, निदान सहा महिने तुम्ही स्वतःच्या घरी राहून बघावं, बदलीच्या शहरात किंवा याच शहरात वीस मिनिटांच्या अंतरावर. आणि महिनाभरात घर इतकं मोकळं झालं की निघावंसंच वाटेना, तर राहा. तेव्हा ते राहणं तुम्ही निवडलेलं असेल. त्याला कोणाच्या रकान्याची गरज लागणार नाही.

आईबाबांचं काय, हा प्रश्न तुमच्या पत्रात थेट नाही, पण प्रत्येक ओळीखाली आहे. त्यांना तुमची गरज आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. असेलही. विचारलंय का? व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ लिओपोल्ड रोझेनमायर आणि त्यांच्या सहकारी एव्हा क्योकाइस यांनी १९६० च्या सुमारास वृद्धांच्या कुटुंबजीवनाचा अभ्यास केला. बऱ्याच वृद्धांना मुलं जवळ हवी होती, पण एकाच घरात नको होती. याला त्यांनी 'अंतर राखून जवळीक' अशा अर्थाचं नाव दिलं, आणि साठ वर्षं झाली तरी अभ्यासक ते वापरतात. तुमच्या आईबाबांनाही असंच वाटत असेल, असा दावा मी करत नाही. पण ६५ व्या वर्षीही सकाळी डबा भरणाऱ्या बाईला कधीतरी सकाळ मोकळी हवी असेल, एवढी शक्यता तरी मनात ठेवा.

आणि तुम्ही राहा किंवा जा, काही गोष्टी आत्ताच करून ठेवायला हव्यात. बाबांच्या औषधांची आणि डॉक्टरांच्या नंबरांची यादी फ्रिजवर लावा. रात्री काही झालं तर पहिला फोन कोणाला, हे ठरवा, आणि त्या शेजाऱ्यांकडे एक किल्ली ठेवा. बँकेची, विम्याची, घराची कागदपत्रं कुठे आहेत, हे तुम्हाला आणि भावाला, दोघांनाही माहीत हवं. भावाला फोन करा आणि वाटणीचं बोला. लांब राहणारा माणूस रोजचं करू शकत नाही, पण औषधांचा खर्च, वार्षिक तपासण्या, वर्षातून दोन-तीन आठवडे येऊन राहणं, एवढं नक्कीच करू शकतो. तुम्ही घरात आहात, म्हणून सगळं तुमच्याकडे, हा ठराव कधी झालाच नव्हता. घराच्या दुरुस्तीत किंवा कर्जात तुम्ही मोठी रक्कम घातली असेल, किंवा पुढे घालणार असाल, तर ती देणगी, उसनी की घरातला हिस्सा, हे चौघांसमोर बोलून कागदावर आणा. घर ज्याच्या नावावर आहे त्याचंच राहतं, खर्च करणाऱ्याचं आपोआप होत नाही. पुढे भावंडांमध्ये कटुता येते ती बहुतेकदा न बोललेल्या पैशातून.

तुमच्यासारखी आणखीही पत्रं माझ्याकडे येतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. घटस्फोटानंतर किंवा नोकरी गेल्यावर जे आईवडिलांकडे परत आलेत, त्यांनी पहिल्याच आठवड्यात पुन्हा कधी बोलायचं ती तारीख ठरवावी, चार किंवा सहा महिन्यांनंतरची. ती जाण्याची तारीख नसून चौकशीची तारीख असते, आणि तिच्यामुळे दोन्ही बाजूंना रोज मनात हिशोब करावा लागत नाही. जे पैसे साठवायला म्हणून घरी राहतात, त्यांनी रक्कम आणि मुदत आईवडिलांना मोकळेपणानं सांगावी. आणि ज्यांची मोठी मुलं घरात आहेत त्या आईवडिलांनो, मुलांकडून खर्चाचा वाटा घ्यायला लाजू नका. तुम्हाला गरज नसेल तर बाजूला ठेवा. पण वाटा न घेणं म्हणजे त्यांना पाहुणं किंवा लहान मूल ठेवणं आहे, आणि तिशीच्या माणसाला दोन्ही सोसत नाही.

शेवटी आईशी बोलायचं. "तुमचा कंटाळा आलाय" असं नको, "सगळेच वेगळे राहतात" असंही नको, आणि तो तक्ता तर मुळीच दाखवू नका. दिवसा, दोघी निवांत असताना, एवढंच सांगा: "मला काही दिवस माझं घर स्वतः चालवून बघायचंय. तुमच्यावर नाराज नाही. दर रविवारी येईन, आणि बाबांच्या तपासणीला मीच घेऊन जाईन." जेवढं पाळता येईल तेवढंच कबूल करा. ती म्हणेल, "आमचं काय चुकलं?" तेव्हा समजावत बसू नका, तिला बोलू द्या. ती लग्नाचा विषय काढेल. तेव्हा म्हणा, "लग्न होईल की नाही माहीत नाही आई. मी मात्र आत्ता आहे."

मग तिला विचारा, तुमची खोली रिकामी झाली तर ती त्या खोलीचं काय करेल. आधी म्हणेल, "काय करायचंय, तशीच ठेवीन." त्यावर काही बोलू नका, जरा वेळ तिच्याजवळच बसा. दुसरं उत्तर यायला वेळ लागतो.